भिंतीतले दोन खळगे

अमळनेरात मंगळवारी रिक्षा मिळत नाही. मंगळग्रह मंदिराला गर्दी असते, आणि त्याच गर्दीतले निम्मे लोक आमच्या लॅबमध्येही येतात. देवदर्शन आणि रक्ततपासणी एकाच भाड्यात उरकते. मी इथे बावीस वर्षं टेक्निशियन आहे. मंगळवारी पन्नास-साठ नळ्या होतात आणि खरं सांगायचं तर पन्नास-साठ नळ्यांत माणूस दिसत नाही, बारकोड दिसतो.

जूनमधल्या अशाच एका मंगळवारी अकराच्या सुमाराला लाइट गेली. इन्व्हर्टरवर फ्रीज आणि पंखा चालतो, रक्तपेशी मोजणारं काउंटर मशीन नाही. सव्वीस वर्षांच्या एका बाईचं रक्त मशीनमधून नुकतंच गेलं होतं, प्रिंट निघायची होती. तिला इथे कल्पना म्हणते, नाव अर्थातच बदललंय. दुसरी खेप, पाचवा महिना. हिमोग्लोबिन 7.4. पोटात पीळ पडतो, चार-चार दिवस संडासला होत नाही, रात्री उलटी होते. कुणी गॅस म्हटलं, कुणी अपेंडिक्स. सोनोग्राफी साफ होती. आशाताई वर्षभर गोळ्या देत होत्या, आधी अशक्तपणाच्या म्हणून, मग गरोदरपणातल्या लाल गोळ्या; हिमोग्लोबिन साडेसातच्या वर सरकत नव्हतं. बाई गोळ्या खात नसेल, फेकून देत असेल, असा सगळ्यांचा समज. माझाही.

लाइट नाही म्हणून हात रिकामे होते. आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांचा जुना आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीत पडून असतो. तिची एक स्लाइड केली, लीशमन (पेशी रंगवायचं स्टेन) घातलं, वाळवली, तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स लावली आणि आरसा आभाळाकडे वळवला.

लाल पेशी फिकट होत्या, ते अपेक्षितच. पण त्यांच्यावर ठिपके होते. निळ्या पेनाचं टोक दहा-पंधरा वेळा टेकवावं तसे, एकेका पेशीत. पहिला विचार आला की स्टेन खराब झालंय, बाटलीच्या तळाशी गाळ बसला की असं होतं. स्टेन गाळून घेतलं, परत केली. ठिपके तसेच, आणि पेशीच्या आतच. गाळ असता तर मधल्या मोकळ्या जागेतही दिसला असता. रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेल्या ईडीटीएने हे ठिपके विरतात असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून तिला बाकावरून उठवून बोट टोचलं आणि ताज्या रक्ताची स्लाइड ओढली. त्यात आणखी जास्त होते.

सर जळगावहून आठवड्यात दोनदा येतात. फोन केला. थॅलेसेमियातही असे ठिपके दिसतात, म्हणून त्यांनी आधी तीच शंका काढली. आमच्याकडे सातपुड्याकडचा पेशंट आला की सिकल सेल हा रक्ताचा आजार आधी डोक्यात येतो, मी तेही बोलून दाखवलं. नळी एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार बघणाऱ्या तपासणीला, पाठवायचं ठरलं. फोन ठेवता ठेवता सर म्हणाले, "तिच्या हिरड्या बघ गं जरा. दाताला लागून काही रेघ आहे का?"

टॉर्च घेऊन ओठ खाली ओढला. खालच्या दातांच्या मुळाशी, हिरडीच्या अगदी काठावर, पाटीच्या पेन्सिलीने ओढावी तशी निळसर काळी रेघ. मिश्रीचा डाग म्हणावा तर पुसून निघेना. तसं सांगितलं. सर दोन क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "शिसं. मुंबईला लेड पाठव. आणि कुठून येतंय ते विचारून ठेव."

विचारायचं काय, त्याची यादी त्यांनीच दिली. घराला नवा रंग दिला का? डोळ्यात सुरमा, काजळ? वैद्याची भस्मं? पितळेच्या भांड्यांना कल्हई कुठून केली? (कथलात शिसं मिसळणारे असतात, आणि त्यात ताकाची कढी उकळली की ते अन्नात उतरतं.) हळद सुटी घेता का? पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट घालण्याचे प्रकार सापडलेले आहेत. प्रत्येक प्रश्नाला नाही. आणि प्रत्येक नाही सासूच्या तोंडून. कल्पना फरशीकडे बघत बसलेली.

सासूला मी पावती करायला पुढच्या काउंटरवर धाडलं. आमचा पावतीवाला मुलगा मंगळवारी काही लवकर मोकळा करत नाही.

"मटण, मासे, काय खाताय? डोहाळे कसले लागलेत?"

बराच वेळ काही नाही. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, कोनले सांगू नका. मी माटी खास."

माती. पहिल्या खेपेला सवय लागली आणि सुटलीच नाही. मागच्या दाराची कुडाची भिंत ओली झाली की वास येतो, मग जीव राहत नाही. "पयला पानी पडना का तसा वास येस." रोज किती? तिने चिमूट दाखवली, मग विचार करून मुठीचा चौथा भाग.

रक्त कमी असलेल्या बायका माती, खडू, राख, कच्चे तांदूळ खातात हे आम्हाला नवीन नाही. लोह कमी पडलं की ही खाज सुटते. पण नुसत्या मातीने हिरडीवर रेघ येत नाही.

"भिंतीशी काय करतात तुमच्याकडे?"

सासरे तापीवर मासेमारी करतात. जाळ्याच्या काठाला लावायच्या शिशाच्या गोळ्या घरीच पाडतात. भंगारातून गाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या आणायच्या, कुऱ्हाडीने फोडायच्या, आतलं पाणी भिंतीच्या पायथ्याशी ओतायचं, प्लेटा लोखंडी कढईत वितळवायच्या. शिसं 327 अंशाला वितळतं, त्याला भट्टी लागत नाही, पऱ्हाट्यांचा जाळही पुरतो. आजूबाजूच्या गावांचे लोकही गोळ्या घेऊन जातात. दहा-बारा वर्षं झाली. यात कुणाला काही गैर वाटायचं कारणही नव्हतं.

सर नंतर आले तेव्हा त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढून दाखवलं. लोह कमी म्हणून माती खावीशी वाटते. मातीत शिसं. आणि लोह कमी असलेलं आतडं शिसं जास्तच ओढून घेतं, कारण दोघांची वाट एकच. लोहाची रिकामी जागा शिशाला मिळते. आत गेलं की ते रक्ताचा लाल रंग बनवणारी यंत्रणाच अडवतं. हिमोग्लोबिन घसरतं. परत माती. त्या वर्तुळात लाल गोळ्या बिचाऱ्या काय करणार? बाई गोळ्या फेकत नव्हती, रोज खात होती.

त्या रात्री मी जुनी रजिस्टरं काढली. आठ महिन्यांपूर्वी आणि तीन महिन्यांपूर्वी तिचं रक्त आमच्याकडेच येऊन गेलं होतं. दोन्ही रिपोर्ट मशीनचे, दोन्हींवर शिक्का आमचा आणि तपासणारी म्हणून सही माझी. स्लाइड एकदाही पाहिलेली नव्हती. लाइट गेली नसती तर तिसराही तसाच गेला असता.

चार दिवसांनी मुंबईचा रिपोर्ट आला. शिसं 58 मायक्रोग्रॅम, डेसीलीटरला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की 5 आलं तरी कुठून येतंय ते शोधा, आणि सुरक्षित म्हणावा असा आकडाच नाही. एचपीएलसी नॉर्मल.

रविवारी आशाताईंना घेऊन मी त्यांच्या गावी गेले. जाणं माझं काम नव्हतं, पण घरात बसवेना. घर स्वच्छ, शेणाने सारवलेलं, दारात तुळस. सासऱ्यांनी खाट टाकली, चहा सांगितला. मागच्या दाराशी तीन दगडांची चूल, वर काळी कढई, बाजूला बॅटऱ्यांची फुटकी खोकी. त्यातल्या एका खोक्यात माती भरून कढीपत्ता लावलेला. जमिनीवर राखाडी भुगा, चालताना चपलेला चिकटणारा. कोंबड्या त्यातच टिपत होत्या.

भिंतीपाशी गेले. बसलेल्या बाईचा हात जिथे सहज पोचेल तिथे, खांद्याच्या जरा खाली, एक खळगा होता. अर्ध्या नारळाएवढा. कडा बोटांनी फिरून फिरून गुळगुळीत, आतून माती ओलसर. चुलीवर भाकरी टाकताना उजवा हात पिठात आणि डावा इथे, असं बसल्यावर लक्षात आलं. कल्पना दारात उभी होती, मान खाली. सासू खळग्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं तिला तो घुशीने केलेला वाटला होता.

मी नमुन्यासाठी माती काढायला वाकले आणि मला दुसरा दिसला.

पहिल्याच्या खाली, वितभर अंतरावर. लहान, लिंबाएवढा. कडांना बारीक बारीक बोटांच्या रेघा. मी वळून पाहिलं. कल्पनाची चार वर्षांची मुलगी आशाताईंच्या पिशवीची चेन उघडझाक करत बसली होती. ओठाच्या कोपऱ्यात वाळलेली माती.

कुणी काही बोललं नाही. सासरे उठले, चुलीवरची कढई उचलून अंगणात नेऊन पालथी ठेवली आणि परत येऊन खाटेवर बसले. उचलताना त्यांचं उजवं मनगट लुळं पडल्यासारखं खाली लोंबलं. जाळं फेकताना दोन वर्षांपासून असं होतं, वय झालं, म्हणाले. तेही शिशाचंच निघालं.

पोरीचं शिसं 31 आलं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेलं शिसं दहातला एखाद-दीड भाग रक्तात उतरतं, लहान मुलांचं निम्म्याच्या आसपास. आणि मुलाचा मेंदू अजून बांधला जात असतो; तिथे जे नुकसान होतं ते औषधाने भरून येत नाही. हे तिच्या आईला सांगायचं काम सरांनी माझ्यावर टाकलं, अहिराणी मला येते म्हणून. मी निम्मंच सांगितलं. ते बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

पुढचं थोडक्यात. सरांनी दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राला फोन केला. तिथे चोवीस तास कुणीतरी उचलतं. आकडा 45 च्या वर आणि बाई गरोदर, म्हणून कल्पनाला मुंबईला दाखल केलं, तिथे शिसं बाहेर काढणारं औषध दिलं. आकडा 30 वर आला, घरी आल्यावर परत 36. हे होतंच. रक्तातलं शिसं निघालं तरी हाडांतलं हळूहळू झिरपत राहतं. हाडांत ते वीस-तीस वर्षंही मुक्काम करतं, आणि बाळाला कॅल्शियम देण्यासाठी गरोदर बाईची हाडं विरघळतात तेव्हा त्यासोबत तेही उतरतं. म्हणून कॅल्शियम आणि लोह दोन्ही चालू, पण वेगवेगळ्या वेळी. पोरीला औषध नाही. माती बंद, लोह, दूध, हात धुणं आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासायची सुई. सुई बघितली की ती मला "सुईवाली बाई" म्हणून शिव्या घालते.

त्या मातीचं काय? भिंतीची माती पिशवीत घालून मी माझ्याबरोबर शिकलेल्या एका मित्राकडे गेले, तो माती परीक्षणात आहे. त्याने मृदा आरोग्य पत्रिका समोर ठेवली. 2015 पासून शेतकऱ्यांना मिळते ती. बारा रकाने: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. पिकाला काय हवं ते सगळं. माणसाला काय नको त्याला रकाना नाही. जस्त-तांबं मोजणारं त्याचं मशीन शिसंही मोजू शकतं, फक्त त्यात शिशाचा वेगळा दिवा बसवावा लागतो आणि तो त्याच्याकडे नव्हता. शेवटी नाशिकला पैसे भरून तपासून घेतली. भिंतीच्या मातीत किलोला 1,150 मिलिग्रॅम. अमेरिकेत घराच्या अंगणासाठी कित्येक वर्षं 400 ची रेषा होती, 2024 मध्ये ती 200 वर आणली. चुलीजवळचा राखाडी भुगा तपासायचा धीर झाला नाही, पैसेही नव्हते.

भिंत पाण्याने भिजवून, तोंडाला फडकं बांधून खरवडली. कोरडी खरवडली असती तर धूळ सगळ्यांच्या छातीत गेली असती. वर सिमेंटचा गिलावा केला. अंगणातली वीतभर माती उचलली, फरशी घातली. पोत्यांत भरलेली ती माती कुठे न्यायची, हे ना ग्रामपंचायतीला सांगता आलं ना आम्हाला. पोती अजून गोठ्यामागे ताडपत्रीखाली आहेत. कोंबड्या आणि त्यांची अंडी बंद केली. कढीपत्ता सासूने उपटला, पण खोकं तसंच ठेवलं, दोनदा सांगितल्यावर गेलं.

ऑक्टोबरात बाळ झालं, मुलगा, दोन किलो शंभर. नाळेच्या रक्तात शिसं 22. त्याची आई 27 वर होती. नाळ शिशाला अडवत नाही. बाळ दूध पितं, वजन वाढतंय, मान धरली. बाकीचं शाळेत जाईल तेव्हा.

दिवाळीनंतर एका मंगळवारी सासरे एकटेच आले. दवाखान्याचं काम नव्हतं. खांद्यावरची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, तरी टेबल हललं. आत शेवटच्या पाडलेल्या गोळ्या, आठ-नऊ किलो तरी.

"आते हाई कोठे फेकू?" म्हणाले. "नदीमा नको, तुमीच सांग्यं. भंगारवाला लेस, पन त्याना घरमा बी पोरे शेतस."

मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, ठेवून घे, बघतो. पिशवी तेव्हापासून ऑटोक्लेव्हच्या (वाफेवर सामान निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) मागे आहे, वर कागद चिकटवलाय: हात लावू नये.