खरड छाटणी

एप्रिलमध्ये दिंडोरीजवळच्या मामांच्या द्राक्षबागेत गेलो होतो, तेव्हा खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावरची वेलींची खोल छाटणी, नुकतीच आटोपली होती आणि ज्या काड्यांनी हंगामभर घड तोलले, त्यांचे एक-दोन डोळ्यांचे (कोंब फुटण्याच्या जागांचे) खुंट तेवढे उरले होते. एका ताज्या कापातून पाण्याचा थेंब ओघळत होता. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात प्रभू येशू पित्याला माळी म्हणतो आणि फळ देणारा फाटाही तो छाटतो असे सांगतो. हे वचन लहानपणापासून पाठ असूनही त्यातला ‘फळ देणारा’ हा शब्द मला त्या दिवशी प्रथमच टोचला, कारण निष्फळ फाट्याचे छाटले जाणे समजते, पण राबलेल्या फाट्याला कात्री का?

मामांनी सांगितले की ऑक्टोबरच्या, फळासाठीच्या दुसऱ्या छाटणीनंतर दिसणारा घड मे-जूनमध्येच नव्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म रूपाने घडत असतो आणि त्यासाठी स्वच्छ ऊन लागते. 2025 साली पाऊस मे महिन्यातच आला. अशा ढगाळ दिवसांचे नुकसान तेव्हा कळत नाही, ते ऑक्टोबरनंतर दिसते. घड जिरतात, त्यांच्या जागी नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे ताणे, येतात.

गेल्या वर्षी माझी नोकरी सुटली, तेव्हा देवाने मला टाकले असे मी मनापासून मानले होते. मी मामांना विचारले, “बागेकडे आता किती दिवसांनी याल?” ते म्हणाले, “अरे, छाटल्यावर तर रोजच यावं लागतं.”