निगेटिव्ह कुणाची?

जुन्या स्टुडिओतल्या फोटोच्या मागे एक नंबर टाकलेला असायचा, बघा. जास्तीच्या कॉप्या हव्या असतील तर तो नंबर जाऊन सांगायचा. म्हणजे फोटो आपला, पण निगेटिव्ह फोटोवाल्याकडे. गावातले निम्मे चेहरे एका माणसाच्या कपाटात पडून आहेत हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच यायचं नाही.

लेबनॉनमधल्या सैदा गावच्या हाशेम अल मदनी या फोटोवाल्याबद्दल वाचलं तेव्हा हे सगळं आठवलं. हा गडी 1947 ला कामासाठी पॅलेस्टाइनमधल्या हैफाला गेला, तिथे एका फोटोग्राफरच्या हाताखाली शिकला, 48 ला तिथे अरब-इस्रायल लढाई पेटल्यावर परत आला, आधी आईवडिलांच्या घरातच धंदा आणि मग 1953 ला शहरझाद थिएटरच्या बिल्डिंगमध्ये स्टुडिओ. त्याच काळात पॅलेस्टाइनमधून निर्वासित येत होते, गावाला लागून ऐन अल हिल्वेचा कॅम्प वसला, गाव नुसतं वाढत होतं. नवीन माणूस आला की कागदपत्रं आली, कागदपत्रं आली की फोटो आलाच. सैदातल्या नव्वद टक्के लोकांचे फोटो मी काढलेत असं तो म्हणायचा. थोडं फेकत असेल, धंदेवाला माणूस आहे.

पण धंदेवाला आहे म्हणूनच मजा आहे ना! पेपरवाला पुढाऱ्याचा फोटो काढतो, हौशी माणूस सूर्यास्ताचा, आणि हा जो पैसे देईल त्याचा. शाळेतली पोरं, दुकानदार, बंदूक घेऊन रुबाबात उभे राहिलेले तरुण. काहींना सिनेमातल्यासारखी चुंबनाची पोझ हवी असायची, पण बाई आणि पुरुष मिळून असलं काही चालण्यासारखं नव्हतं, मग दोन मित्र नाहीतर दोन मैत्रिणीच हिरो-हिरॉइन व्हायचे. कुठल्या सरकारी दप्तरात सापडेल हे?

एक किस्सा मात्र डोक्यातून जात नाही. 1957 ची गोष्ट. एक बाई नवऱ्याला न विचारता फोटो काढून गेली. नवरा तणतणत आला, निगेटिव्ह दे म्हणाला. मदनी देईना, कारण त्याच रोलवर दुसऱ्या गिऱ्हाइकांचेही फोटो होते. शेवटी तिच्या तेवढ्या फ्रेम्स पिनने ओरबाडून टाकायच्या असं ठरलं. पुढे काही वर्षांनी त्या बाईने स्वतःला जाळून घेतलं, आणि तोच नवरा स्टुडिओत येऊन विचारायला लागला की तिचे आणखी फोटो आहेत का, मोठे करून हवेत.

मदनी 2017 मध्ये गेला. त्याआधीच अक्रम झातारी नावाच्या कलाकाराने जुने फोटो जपणाऱ्या बैरूतच्या अरब इमेज फाउंडेशनमार्फत त्याचा संग्रह जगासमोर आणला होता, आणि ओरखड्यांसकटचा तो फोटो आता लंडनच्या टेट म्युझियमकडे आहे. नवऱ्याला निगेटिव्ह दिली नाही हे चांगलंच केलं असं मला वाटतं. पण त्या बाईला तो फोटो कुणाला दाखवायचा होता, हे काही नंबर सांगून विचारता येत नाही.