लकवा झालेल्याची चाल मोजताना

“आता चालतात की ते,” असं घरचे सांगतात, तेव्हा मी आधी हाताकडे बघतो. लकव्याच्या बाजूचा हात धरून कुणी ओढत असेल, तर ते चालणं मोजायचं नाही. सैल पडलेला खांदा अशा ओढण्याने आणखी खाली उतरतो, ते वेगळंच.

आमच्या जळगाव-धुळ्याकडे घरात १० मीटर सरळ जागा क्वचित मिळते. मी गल्लीत नाहीतर खळ्यात मोजतो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. नुकतं सारवलेलं अंगण नको, पाय सटकतो. बीपी बघून झालं की ०, २, ८ आणि १० मीटरवर चुन्याच्या रेघा मारतो. पहिले आणि शेवटचे २ मीटर वेग धरायला-सोडायला, घड्याळ फक्त मधल्या ६ मीटरला. पुढच्या पायाची बोटं २ ची रेघ ओलांडतात तेव्हा सुरू, ८ ची ओलांडतात तेव्हा बंद. तीनदा चालवून सरासरी.

खरी गडबड चालवणाऱ्याकडूनच होते. मी शेजारून चाललो की पेशंट माझी चाल धरतो, म्हणून लकव्याच्या बाजूने अर्धं पाऊल मागे राहतो. मधेच “शाबास” म्हटलं की वेग बदलतो. काठी किंवा पायाला आधाराचा पट्टा वापरला असेल तर लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळीही तेच द्यायचं, नाहीतर सुधारणा कुणाची, पायाची की काठीची?

६ मीटरला १५ सेकंद म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. त्याहून कमी वेगाचा माणूस साधारण घरापुरताच चालतो. बाहेर बिनधास्त फिरायला ०.८ च्या वर, म्हणजे साडेसात सेकंदांच्या आत यावं लागतं.

आकड्यात न दिसणारं चपलेत दिसतं. लकव्याच्या पायाची चप्पल पुढच्या टोकाला झिजलेली असली तर पाऊल उचललं जात नाही, घासतं. धोतर किंवा लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितल्याशिवाय घोटा दिसत नाही, आणि पाय कमरेतून गोल फिरवून टाकतात तेही सुटतं. अंगठ्याची चप्पल मोजताना नकोच, ती धरून ठेवायला बोटं आवळली जातात. मागे पट्टा असलेली सँडल बरी.

शेवटी एक फेरी घड्याळ न लावता. चालता चालता विचारतो, “बाबा, जेवन झायं का?” उत्तर द्यायला थांबले, तर कागदावर लिहितो: एकट्याने रस्ता ओलांडू नये.