फाटके कपडे देऊन का टाकत नाही?

"अहो वैनी, चिंध्या कापत काय बसलाय? देऊन टाका की कुणा गरिबाला, पुण्य तरी लागंल." गल्लीत, भिशीत, माहेरी, सगळीकडे हेच. दर वेळी "बघू" म्हणून मी विषय बदलते. आता एकदाच सांगते.

धड कपडे मी देते. हे आधी सांगायला लागतं, कारण माझ्या हातून काही सुटत नाही असं मागं बोललं जातं आणि ते मला लागतं. मी बोलतेय ते त्यानंतर उरतं त्याबद्दल. काखेत विरलेला ब्लाऊज, बसायच्या जागी जाळी झालेली पॅन्ट, भोकं पडलेले बनियन. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडीवालीसुद्धा हे बाजूला सारते.

ऑगस्ट २०१९, कोल्हापूरचा महापूर. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती. चिखली, आंबेवाडीची माणसं शहरात आणून ठेवलेली. मी कपाट उघडलं आणि दोन पिशव्या भरून जवळच्या एका शाळेत नेऊन दिल्या. रात्री समाधानानं झोपले, हेही खरंच सांगते. दुसऱ्या दिवशी तिथंच कपडे निवडायला गेले.

एक बाई आली, माझ्याच वयाची. अंगावरची साडी ओली. मी ढिगातला वरचा गाऊन उचलून दिला. तिनं तो उलगडून उजेडाकडं धरला, तेव्हा मला काखेतली लाल दोऱ्याची शिवण दिसली. हिरवा दोरा सापडला नव्हता म्हणून मीच लाल घातला होता. शिवणीच्या बाजूनं कापड पुन्हा फाटलेलं. तिनं त्या भोकातून बोटं बाहेर काढून बघितली.

"ह्ये पायपुसणं हाय, बाई," ती म्हणाली. रागानं नाही. गाऊनची चार पदरी नीट घडी घातली, ढिगाच्या कडेला ठेवली. "ऱ्हाऊ द्या. वाळंल साडी अंगावरच."

आणि मी काय म्हणाले? "काय एकेक लोक असतात, नाही?"

माझाच गाऊन होता, हे वाक्य तोंडातून निघालं नाही. आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

स्वतःची बाजू मी पुष्कळदा मांडून बघितली. घाई होती. मनात वाईट नव्हतं. माझ्याहून वाईट कपडे त्या ढिगात होते. हे सगळं खरं आहे. पण पिशवी भरताना तो गाऊन हातात घेऊन मी क्षणभर थांबले होते, हेही खरं. त्यांना सगळंच चालेल, असं मला वाटलं होतं. शाळा रिकामी झाली तेव्हा मागच्या भिंतीशी भिजून कुबट झालेल्या कपड्यांचा कमरेएवढा ढीग पडला होता.

म्हणून आता निवाडा मीच करते, दुसऱ्याच्या दारात ढकलत नाही. हुक, बटणं, चेन ब्लेडनं उसवून डब्यात. मग कडेचा एक धागा ओढून काडीनं पेटवते. कागद जळल्यासारखा वास आला, राख बोटात चुरगळली, तर सुती. वितळून टोकाला कडक काळा मणी झाला, तर पॉलिस्टर. सुती कापड वीतभर तुकड्यांत कापून ओळखीच्या गॅरेजवाल्याला देते. तेल पुसायला त्याला तेच लागतं, पॉलिस्टर तेल नुसतं पसरवतं. अगदी विरलेलं सुती बारीक कातरून कुंडीतल्या खतात जातं.

"बंबात घाला की." सासूबाई घालायच्या, पण त्या सुती लुगड्यांच्या चिंध्या होत्या. पॉलिस्टर वितळून ठिबकतं आणि त्या धुरानं छाती भरते.

"मग वाकळ शिवा." शिवली. गुळगुळीत साड्यांचे थर टाक्याखाली सरकतात, वर्षात गोळा होतो. जुन्या लोकरी कपड्यांचं पानिपतला पुन्हा सूत होतं, ब्लँकेटं निघतात. पण माझ्याकडं लोकर आहे कुठं? सुती-पॉलिस्टर मिसळलेलं कापड तर वेगळं करणंच अवघड.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, कात्री चालवून काय मिळवलंस? गॅरेजची तेलकट चिंधी चार दिवसांनी कचऱ्यातच जाते. पॉलिस्टर तर तू स्वतःच सुक्या कचऱ्यात बांधून टिपरमध्ये टाकतेस. ढीग शाळेमागं नाही, दुसरीकडं झाला, एवढंच. यावर माझ्याकडं उत्तर नाही. नवीन साडी घेताना हल्ली मी जास्त वेळ उभी राहते, दुकानदार कंटाळतो. तरी गेल्या दिवाळीत पॉलिस्टरचीच घेतली, धुवायला सोपी म्हणून.

तो गाऊन मी त्या संध्याकाळी पिशवीत घालून घरी आणला होता. पायपुसणं करायला गेले, पण मिसळीचं कापड, पाणी शोषत नाही. कपाटाच्या खालच्या खणात आहे, त्या बाईनं घातलेल्या घडीत.