पाळण्यातून पहिली फांदी

नऊ वर्षं मी झाडावर चढूनच फांद्या उतरवल्या. कमरेला दोर, हातात कोयता, जाड फांदी असली तर करवत. गेल्या मे महिन्यात ठेकेदाराने माणसाला वर उचलणाऱ्या हायड्रॉलिक पाळण्याची गाडी आणली आणि म्हणाला, "उद्यापासून तू वर." मला वाटलं, चला, काम सोपं झालं.

पुण्यातल्या एका सोसायटीत जुना पर्जन्यवृक्ष होता. पावसाच्या आधी गच्चीवर आलेल्या फांद्या काढायच्या होत्या. शहरात फांद्या छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते, ती सोसायटीने आधीच काढली होती. शेजारून जाणाऱ्या विजेच्या लाइनचा पुरवठाही त्या दिवसापुरता बंद करून घेतला होता.

सकाळचा पहिला तास गाडी उभी करण्यातच गेला. जॅक टेकवायच्या आधी ऑपरेटर दादांनी पहारीने पेव्हर ब्लॉक ठोकून पाहिले. एका जागी पोकळ आवाज आला. खाली ड्रेनेजचं चेंबर होतं! गाडी चार फूट मागे घेतली, जॅकखाली जाड फळ्या टाकल्या, मगच पाळणा उचलला.

वर गेल्यावर सवयीने मी बेल्टचा हुक फांदीकडे नेला. दादांनी खालून आवाज दिला, "अरे, पाळण्याला लाव! फांदी तुटली की तुला ओढून नेईल." नऊ वर्षं झाडाला बांधून घेणाऱ्या माणसाला ही सवय मोडायला दिवस लागतात. आजही मी हुक लावून एकदा हाताने ओढून बघतो.

कापायचं मशीन, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, खालीच चालू करून गरम केलं होतं. एक लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, साखळीचं तेल वेगळं. वर नेताना ब्रेक लावलेला. दोन्ही हातांनी धरायचं, खांद्याच्या वर न्यायचं नाही. पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली की मशीन झटक्यात तोंडावर येतं, हे दादांनी तीनदा सांगितलं.

तरी पहिली फांदी मी बिघडवलीच. घाईत सरळ वरून काप घेतला. निम्मं लाकूड कापून होतंय तोच कडकडून आवाज आला, फांदी खाली लोंबली आणि जाताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. आतलं ओलं, पांढरट लाकूड उघडं पडलं. मला फार वाईट वाटलं. ती जखम माझ्या हातची होती.

दादांनी पाळणा खाली घेतला, पाणी दिलं आणि एका काटकीवर दाखवलं. खोडापासून हातभर पुढे आधी खालून थोडा काप. त्याच्या जरा पुढे वरून दुसरा, म्हणजे फांदी साल न ओढता सुटते. उरलेला खुंट शेवटी काढायचा, पण खोडाला घासून नाही. फांदी जिथे फुटते तिथे गळपट्टीसारखा फुगीर कडा असतो, तो तसाच ठेवायचा. तिथूनच नवी साल धरते आणि जखम बुजत जाते.

पाळणा कुठे लावायचा, हेही तेव्हाच कळलं. फांदीच्या खाली तर नाहीच, पण थेट वरही नाही. भार उतरला की उरलेला भाग उसळी मारतो. म्हणून पाळणा बाजूला, आणि कापायच्या आधी मनात पूर्ण चित्र पाहिजे: ही कुठे पडणार, दोर कोण धरणार, खाली कोण आहे. दुपारपर्यंत आणखी पाच फांद्या निघाल्या, त्यांत एकाही ठिकाणी साल फाटली नाही.

सातवी वाळकी होती, दुचाकींच्या पार्किंगवर आलेली. जवळ गेलो तर खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, कोरून काढल्यासारखं गोल भोक. मशीन बंद केलं. आतून बारीक किरकिर येत होती. तांबटाची पिल्लं. शेजारच्या फांदीवर एक तांबट चोचीत फळ घेऊन बसला होता, माझ्याकडे बघत.

मी दादांना खूण केली आणि पाळणा खाली आणला. सोसायटीच्या काकूंना सांगितलं, "काकू, ही फांदी पिल्लं उडाल्यावर काढू. तोवर खालच्या गाड्या हलवा." त्यांनी वर पाहिलं आणि लगेच वॉचमनला हाक मारली.