गॅलरीला विचारून आणलेली ऑर्किड

गंगटोकहून आणलेलं डेंड्रोबियम नोबिल हे ऑर्किड माझ्याकडे तीन वर्षं होतं. तेवढ्या काळात त्याला एकदाही फूल आलं नाही. झाड मात्र जोमात. जानेवारीत दांड्यांच्या पेरांवर फुगीर गाठी दिसू लागायच्या, मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जायची, आणि आठ-दहा दिवसांनी त्यातून कळीऐवजी दोन इवलाली पानं डोकावायची. मग खाली पांढरी मुळं. फूल नाही, पिल्लू! पहिल्या वर्षी त्याचंही कौतुक वाटलं. तिसऱ्या वर्षी रडूच यायचं बाकी होतं.

नोबिल हे सिक्कीमचं राज्यफूल, हिमालयाच्या उतारांवरचं. त्याला हिवाळ्यात काही आठवडे चांगल्या गार रात्री लागतात आणि त्या दिवसांत पाणी जवळपास बंद ठेवावं लागतं. तेव्हाच पेरावरची गाठ कळी धरते. ऊब आणि पाणी मिळत राहिलं की पिल्लू. डोंबिवलीत मी त्याला हिवाळाभर न चुकता पाणी घालत होते.

मग मी कमाल-किमान तापमापक गॅलरीत टांगला आणि वर्षभर कॅलेंडरवर आकडे लिहिले. जानेवारीतली सगळ्यात गार पहाट १८ अंश, मेमधली दुपार ३८. ऊन सकाळी अकरापर्यंत. जुलैत हवा इतकी दमट की कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. आता नवीन ऑर्किड घ्यायचं तर या आकड्यांत बसणारंच, असं ठरवून टाकलं.

पुढच्या खेपेला नर्सरीत सिंबिडियम ऑर्किडचा फुलांनी भरगच्च दांडा बघून हात पुढे गेलाच होता. मी विचारलं, "दादा, याला रात्री गारवा किती लागतो?" त्यांनी कुंडी परत मागे ठेवली. "मग राहू द्या ताई, तुमच्याकडे हे नुसती पानंच देईल." खरं सांगणारा नर्सरीवाला मिळाला तर त्याला सोडू नका.

त्या दिवशी डेंड्रोबियम सोनिया आणलं. नोबिलचंच आडनाव, स्वभाव अगदी उलटा: उष्णता आवडते, भरपूर उजेड हवा, थंडीची अट नाही. म्हणून नुसतं 'डेंड्रोबियम द्या' म्हणून घेऊ नये, कुठलं ते विचारावं. याचे पानं गळालेले जुने दांडे कापूही नका, त्यांनाच पुन्हा फुलं येतात.

माझी लाडकी मात्र व्हँडा. कठड्याबाहेरच्या जाळीला रिकाम्या टोपलीत टांगली आहे, मुळं हवेत मोकळी. कोरडी असताना ती चांदीसारखी करडी दिसतात. बादलीत बुडवली की रंग वरून खाली उतरत जातो, आणि बघता बघता सगळी हिरवीगार. अख्खं मूळ हिरवं झालं की पाणी पुरलं. उन्हाळ्यात हे दिवसातून दोनदा करावं लागतं. तेवढा वेळ नसेल तर व्हँडा घेऊ नका, पावसाळ्यात सुखात दिसली तरी.

फॅलेनॉप्सिस एकच ठेवलंय, घरात खिडकीशी, कारण थेट उन्हात त्याची पानं भाजतात. डिसेंबरात रात्री गॅलरीत ठेवते, तेवढ्या गारव्यावर फुलांचा दांडा निघतो. पावसाळ्यात कुंडी तिरकी, नाहीतर पानांच्या बेचक्यात पाणी साचून गाभा कुजतो.

आता ऑर्किडांतली सीतेची वेणी हवी आहे. आपल्या सह्याद्रीतल्या आंब्या-जांभळांवर वाढणारी, पावसाच्या तोंडावर फुलणारी. ती आपल्या उकाड्याला आणि पावसाला सरावलेलीच आहे. पण रोपवाटिकेत वाढवलेलीच घेणार, झाडावरून ओरबाडलेली नको.

आणि नोबिल? ते पाचगणीला ताईकडे दिलं. "थंडीत पाणी घालू नकोस," एवढंच बजावलं होतं. मार्चमध्ये तिचा फोटो आला: पानं नसलेल्या दांड्यांवर पेरापेरातून जांभळी फुलं, प्रत्येकाच्या गळ्यात गडद ठिपका. खाली लिहिलं होतं, "तुझ्याकडची पिल्लंही दे पाठवून."

शनिवारी नेऊन देतेय.