तळ्यातले मासे पहाटेच का मरतात?

मे महिन्यात भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातल्या) तलावाच्या काठाला मेलेल्या माशांचा खच लागला की गावात पहिला संशय विषप्रयोगाचा घेतला जातो. हा संशय समजण्यासारखा आहे, कारण मच्छीमार संस्थेने भरलेला ठेका आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांची वर्षभराची मेहनत एका रात्रीत पाण्यात गेलेली असते. तरीही उन्हाळ्यातली अशी मरतूक बहुतेक वेळा गुदमरून झालेली असते, आणि ती ओळखण्याच्या खुणा तलावावरच सापडतात.

पाणी तापते तशी त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. एवढ्या घटीने रोहू किंवा कटला मरत नाही. मात्र त्याच उष्णतेने माशांची प्राणवायूची गरज वाढते, तळचा गाळ अधिक वेगाने कुजू लागतो आणि तलाव आटल्यामुळे तेवढेच मासे निम्म्या पाण्यात कोंडले जातात. त्यात पाणी शेवाळाने हिरवेगार झालेले असेल तर धोका खरा. हे सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते, पण रात्री ते स्वतःच तो वापरते. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू रात्रभर उतरत जातो आणि सूर्योदयाच्या थोडे आधी नीचांक गाठतो. त्या वेळी काठावर उभे राहिल्यास कटला पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात आणि पाण्यात खडा टाकला तरी खाली जात नाहीत.

अशा वेळी मोठे मासे आधी दगावतात, बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) बरीचशी वाचते. मरळ, मागूर आणि शिंगी यांना तर सहसा काही होत नाही, कारण हे मासे वर येऊन थेट हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. विष असेल तर ते पहाटेची वाट पाहत नाही, आणि बहुधा लहान मासे, पाणकिडे, बेडूक असे सगळेच त्याच्या तडाख्यात सापडतात.

सलग ढगाळ हवामान आणि वळवाचा पहिला जोरदार पाऊस हे दोन प्रसंग विशेष धोक्याचे असतात. ढगांमुळे शेवाळ दिवसाही पुरेसा प्राणवायू तयार करू शकत नाही. पावसाचे थंड, जड पाणी खाली जाते आणि तळाशी साचलेले, जवळजवळ प्राणवायूविरहित पाणी गाळातल्या विषारी वायूंसह वर ढवळून निघते. ज्या पावसाने शेतकरी सुखावतो, त्याच पावसाने मत्स्यपालकाची झोप उडते, हे विचित्र असले तरी खरे आहे.

मासे वर येताना दिसताच खाद्य आणि शेणखत बंद करावे आणि पंपाने तलावातलेच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे सोडावे. विहिरीचे पाणी सोडायचे असल्यास तेही असेच हवेतून पडू द्यावे, कारण भूजलात प्राणवायू बहुधा कमीच असतो. घाईघाईने चुना टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. शेवाळाने भरलेल्या पाण्याचा सामू (pH) दुपारी आधीच चढलेला असतो. चुन्याने तो आणखी वाढतो आणि पाण्यातला अमोनिया अधिक विषारी रूपात येतो. त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्येच मोठा माल काढून तलावातली गर्दी कमी करणे कितीतरी शहाणपणाचे.

विषाची शंका उरलीच, तर पाण्याचा नमुना आणि नुकतेच मेलेले मासे तपासणीसाठी तातडीने द्यावेत, पण प्राणवायूचे मोजमाप मात्र सूर्योदयापूर्वीच करावे. दुपारी बारा वाजता मोजणी केली तर शेवाळाच्या कृपेने आकडा उत्तम येतो, "पाण्यात दोष नाही" अशी नोंद होते आणि गावातला संशय अधिकच घट्ट होतो.